ठाण्याच्या पुढे

मध्य रेल्वेवरच्या माणसाला "कुठे राहतोस?" असं विचारलं की बरेचदा एक ठरलेलं उत्तर येतं : "ठाण्याच्या पुढे." नव्या ऑफिसातला पहिला दिवस असो, कॉलेजातली नवी ओळख असो, नाहीतर स्थळ बघताना झालेला पहिला फोन असो. "पुढे म्हणजे नेमकं कुठे?" असं समोरच्याने खोदून विचारलं, तरच डोंबिवली किंवा कल्याण हे नाव बाहेर पडतं. नावामागोमाग एक पुरवणीही येते. "पण स्टेशनपासून चालत दहा मिनिटं." "पण आमचा एरिया चांगला आहे." ठाण्यात राहणाऱ्याला अशी पुरवणी जोडावी लागत नाही. तो "ठाणे" म्हणतो आणि थांबतो.

हीच मंडळी समोरासमोर आली की मात्र कुणी मागे हटत नाही. ठाणेकर म्हणतो, कल्याण-डोंबिवली म्हणजे बेकायदा इमारती, खड्डे, गुंडगिरी आणि केमिकलचा वास. डोंबिवलीकर म्हणतो, ठाणे म्हणजे मॉल, टॉवर आणि घोडबंदरची कोंडी. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे ठाऊक नसलेली माणसं. संस्कृती बघायची तर दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर या. आणि कल्याणकर डोंबिवलीकराला आठवण करून देतो की आमच्या बंदरात गलबतं लागत होती तेव्हा तुमचं गाव म्हणजे शेतं आणि खाजण होतं.

वाद गमतीचा आहे आणि लोकलमध्ये वेळ छान जातो. पण त्याच्या पोटात एक खरा प्रश्न आहे. शहराला चारित्र्य असतं का? आणि असेल, तर त्याचं श्रेय कुणी घ्यायचं आणि त्याचा दोष कुणाच्या नावावर मांडायचा? आपण बहुतेक जण या शहरांत जन्माच्या अपघाताने आलो, किंवा घराच्या बजेटने आलो. तरी त्यांच्याबद्दल आपल्याला छाती फुगवता येते आणि खाली मान घालावी लागते. ही छाती आणि ही मान, दोन्ही आपली कशी?

शिडी

आधी ही चढाओढ चालते कशी ते पाहू. मुलुंडचा माणूस चेकनाक्याकडे बोट दाखवून सांगतो की मुंबई इथे संपते. त्याला ठाण्याहून वरचढ वाटतं. ठाणेकराला डोंबिवली आहे, डोंबिवलीकराला कल्याण आहे, कल्याणकराला उल्हासनगर आणि टिटवाळा आहे. एकेका शहराच्या आतही तेच. डोंबिवली पूर्वेला पश्चिम जरा खालची वाटते, कल्याण पश्चिमेला पूर्व. नौपाड्यातल्या जुन्या ठाणेकराला घोडबंदर रोडवरचे टॉवर म्हणजे ठाणं वाटतच नाही. प्रत्येकाला आपल्या खाली एक पायरी लागते, आणि मध्य रेल्वेने ती प्रत्येकाला पुढच्या स्टेशनाच्या रूपाने दिलेली आहे.

ॲरिस्टॉटलने भावनांची चर्चा करताना नोंदवलंय की माणूस हेवा करतो तो काळाने, स्थळाने, वयाने आणि नावलौकिकाने जवळ असलेल्यांचा. फ्रॉइडने तर शेजारी आणि एकमेकांसारखेच असलेले समाज क्षुल्लक फरकांवरून एकमेकांना हिणवतात, या गोष्टीला एक नावच दिलं. स्पॅनिश आणि पोर्तुगीज हे त्याचं एक उदाहरण होतं. डोंबिवलीकराला सिंगापूरचा हेवा वाटत नाही. त्याच लोकलने जाणाऱ्या, तेवढाच पगार असलेल्या, पण पंधरा मिनिटं आधी उतरणाऱ्या माणसाचा वाटतो.

शिडीची दुसरी खासियत अशी की तिच्या पायऱ्या हलतात. आज ज्या ठाण्याचं नाव घेऊन माणूस थांबू शकतो, ते नाव दोन पिढ्यांपूर्वी मुंबईत चेष्टेचा विषय होतं. "याला ठाण्याला पाठवा" म्हणजे काय, हे आजी-आजोबांना विचारा. 1901 पासून तिथे असलेल्या मनोरुग्णालयावरून ती चेष्टा चालायची. आकारातही ठाणं कायम मोठं नव्हतं. 1991 च्या जनगणनेत कल्याण महापालिकेची लोकसंख्या 10 लाखांच्या वर होती आणि ठाण्याची 8 लाखांच्या आसपास. तेव्हा कल्याणच्या हद्दीत आजूबाजूचा बराच मुलूख मोजला जात होता. 2011 मध्ये ठाणे 18 लाखांवर गेलं आणि कल्याण-डोंबिवली साडेबारा लाखांच्या आत राहिली. वीस वर्षांत क्रम उलटला, आणि त्यात हद्दी बदलल्याचाही वाटा होता.

मग ठाण्याने असं काय केलं? थोडं केलं, बरंचसं झालं. बोरीबंदरहून पहिली गाडी 16 एप्रिल 1853 रोजी ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. पण ठाणे मुंबईपासून 34 किलोमीटरवर आहे आणि कल्याण 54 वर. एवढ्या वीस किलोमीटरच्या फरकावर पुढे जमिनीचे भाव, बसमार्ग आणि लग्नाची स्थळं ठरत गेली. वागळे इस्टेटमधले कारखाने बंद पडू लागले आणि मोक्याच्या जमिनी मोकळ्या झाल्या. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात टी. चंद्रशेखर या आयुक्तांनी बुलडोझर घालून रस्ते रुंद केले. जिल्ह्याचं मुख्यालय, न्यायालय, पोलीस आयुक्त हे सगळं आधीपासून तिथेच होतं. यातलं काहीही ठाणेकरांच्या अंगच्या सद्गुणांतून आलेलं नाही, आणि यातलं जे डोंबिवलीला मिळालं नाही ते डोंबिवलीकरांच्या दुर्गुणांमुळे हुकलेलं नाही. भूगोल, इतिहास आणि एखादा हट्टी अधिकारी यांनी जे दिलं, त्याला आपण चारित्र्य म्हणतो.

गुन्हा कुणाच्या हद्दीत

"आमच्याकडे असले प्रकार होत नाहीत." हे वाक्य या वादातलं हुकमाचं पान. कल्याण परिसरात एखादी वाईट घटना घडली की दुसऱ्या दिवशी ते हमखास ऐकू येतं.

आता एक साधी गोष्ट. ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हे सगळं 1981 पासून एकाच पोलीस आयुक्तालयाखाली येतं : ठाणे शहर. त्याची पाच परिमंडळं आहेत, आणि कल्याण हे त्यातलं एक. म्हणजे राष्ट्रीय अहवालात "ठाणे आयुक्तालय" म्हणून जो आकडा छापून येतो, त्यात डोंबिवलीतली सोनसाखळीही असते आणि नौपाड्यातली घरफोडीही. आकडे दाखवून एका शहराला दुसऱ्यावर मात करायची असेल, तर आधी तोच आकडा फोडून पोलीस ठाण्यागणिक वाटावा लागेल. तो वाटला तरी दर लाख लोकांमागे गुन्हे काढायला लोकसंख्या लागते, आणि 2021 ची जनगणना वेळेवर न झाल्याने वर्षानुवर्षं आपण 2011 च्याच लोकसंख्येवर अंदाज बांधत आलो. शिवाय एनसीआरबीचे अहवाल स्वतःच बजावतात की गुन्ह्यांची नोंद वाढली म्हणजे गुन्हे वाढले असं नव्हे. जिथे बाईला पोलीस ठाण्यात बसायला खुर्ची मिळते आणि तक्रार लिहून घेतली जाते, तिथला आकडा फुगतो. जिथे तिला "घरचं घरात मिटवा" म्हणून परत पाठवतात, तिथला आकडा सोज्वळ दिसतो.

पण म्हणून भीती खोटी ठरत नाही. रात्री साडेअकराच्या लोकलने उतरलेल्या मुलीला स्टेशनबाहेर रिक्षावाला मीटरवर येत नाही, रस्त्यावरचे दिवे बंद असतात, शेवटचा पट्टा अंधारात चालत जावा लागतो. तिला कुणी "तुमचं शहर असुरक्षित" म्हटलं तर ती वाद घालणार नाही, कारण ते तिला रोज जाणवतं. मात्र तिची भीती नेमकी कशाबद्दल आहे ते ऐकून घ्यायला हवं. ती दिव्याबद्दल आहे, रिक्षाच्या रांगेबद्दल आहे, रात्री बंद होणाऱ्या दुकानांबद्दल आणि न येणाऱ्या बसबद्दल आहे. "तिकडची माणसंच तशी" हे तिचं म्हणणं नाही, कारण तिकडची माणूस तीच आहे. रस्त्याबद्दलची तक्रार उचलून ती रहिवाशांच्या जातकुळीबद्दलचा निकाल म्हणून वाचली जाते, तिथे चर्चा फसते. दिव्याची तक्रार सोडवता येते. माणसांवरच्या निकालावर मात्र काही उपाय नसतो. फार तर फ्लॅट विकून एक पायरी वर चढता येतं.

मोठ्या गुन्ह्यांकडे पाहिलं तर हद्दींचा हिशोब आणखी विस्कटतो. फेब्रुवारी 2024 मध्ये उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात गोळीबार झाला. आरोप कल्याण पूर्वच्या तेव्हाच्या आमदारावर होता, आणि मागे जमिनीचा वाद असल्याच्या बातम्या होत्या. हा गुन्हा कुठल्या शहराच्या चारित्र्यावर लिहायचा? उल्हासनगरच्या, कल्याणच्या, की त्या जमिनीच्या, जिचा भाव मुंबईतल्या नोकऱ्यांमुळे आणि ठाण्यात न परवडणाऱ्या घरांमुळे वाढत गेला? या पट्ट्यात गुंडगिरीचा धागा ओढत गेलं की बरेचदा हाताला सातबाराच लागतो.

कुठलं ठाणं, कुठली डोंबिवली

आता वाद घालणारे शहर म्हणजे नेमकं काय धरतात ते बघू. ठाणेकर "ठाणे" म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे मासुंदा तलाव असतो, गडकरी रंगायतन असतं, उपवन, येऊरचा डोंगर, हिरानंदानीचे मनोरे असतात. मुंब्रा नसतं. दिवा नसतं. कळव्याच्या डोंगरावरच्या चाळी नसतात. हे सगळं ठाणे महापालिकेतच आहे. 4 एप्रिल 2013 रोजी शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळून 74 माणसं मेली, ती जागा ठाणे महापालिकेच्या हद्दीत होती. "बेकायदा इमारती म्हणजे कल्याण-डोंबिवली" असं म्हणणाऱ्या ठाणेकराला ही आठवण सहसा येत नाही, कारण त्याच्या मनातल्या नकाशावर शिळफाटा "तिकडे" असतो.

डोंबिवलीकरही यात कमी नाही. त्याची डोंबिवली म्हणजे गणेश मंदिर, फडके रोड, वाचनालयं, गाण्याच्या बैठका, शं. ना. नवऱ्यांचं गाव. 27 गावं त्यात येत नाहीत. ती गावं 1983 मध्ये महापालिकेत घेतली, 2002 मध्ये बाहेर काढली, 2015 मध्ये पुन्हा आत आणली. मधल्या काळात तिथे इमारती उभ्या राहिल्या, माणसं राहायला आली, पण "आमची सांस्कृतिक नगरी" या शब्दांत त्यांना जागा मिळाली नाही.

मतदारसंघांच्या नकाशावर तर शहर ओळखूच येत नाही. कळवा-मुंब्रा ठाणे महापालिकेत, पण कल्याण लोकसभा मतदारसंघात. कल्याण पश्चिम कल्याण महापालिकेत, पण भिवंडी लोकसभा मतदारसंघात. सरकार या शहरांना हवं तसं कापतं आणि शिवतं. आपण मात्र त्यांच्या चारित्र्याबद्दल बोलतो जणू ती दोन माणसं आहेत, एक सरळमार्गी आणि एक वाया गेलेला.

बिल्डरांना हे आपल्याआधी कळलं. भिवंडी तालुक्यात माणकोलीजवळ एक मोठी वसाहत उभी राहिली तिचं नाव ठेवलं गेलं "अप्पर ठाणे". नावातला हा एक शब्द किती लाखांचा आहे ते जाहिरात लिहिणाऱ्याला ठाऊक असतं. आणि आपल्यालाही. म्हणून तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री वास आल्याचा मेसेज पडला की कुणीतरी लिहितं, "बाहेर कुठे टाकू नका, रेट पडतील." शहराबद्दलच्या अभिमानात फ्लॅटच्या किमतीची राखण मिसळलेली असते. ही राखण इतकी खोल जाते की माणूस स्वतःच्या फुप्फुसाची तक्रारही दाबून ठेवतो.

डोंबिवलीत ते धोक्याचं आहे. 2014 मध्ये तिथे हिरवा पाऊस पडल्याच्या बातम्या आल्या, 2020 मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. त्यावर मीम झाले, ठाणेकर हसले, डोंबिवलीकरही हसले. 26 मे 2016 रोजी प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, बारा माणसं गेली. जवळपास आठ वर्षांनी, 23 मे 2024 रोजी, अमुदान कंपनीत स्फोट झाला आणि पुन्हा दहाहून अधिक माणसं गेली. पाऊस हिरवा होता तेव्हा तो विनोद नव्हता, पूर्वसूचना होती. शेजाऱ्याच्या शहराला हसण्यात आणि आपल्या शहराची लाज झाकण्यात ती सूचना विरून गेली.

कचरा कुठे जातो

चांगलं शहर आणि वाईट शहर यांतला फरक काही वेळा खरा असतो, आणि काही वेळा तो फक्त पाठवून दिलेला असतो. ठाणे महापालिकेचा कचरा वर्षानुवर्षं दिव्यात टाकला जात होता. दिवा म्हणजे ठाण्याची डोंबिवलीकडची शीव. नौपाड्यातला रस्ता स्वच्छ होता, कारण सकाळी उचललेली पिशवी दिव्याच्या ढिगावर जात होती आणि तिचा धूर दिवेकरांच्या खिडकीत शिरत होता. 2023 मध्ये दिव्याची कचराभूमी बंद झाली, तेव्हा कचरा भंडार्लीकडे निघाला. भंडार्ली हे 14 गावांपैकी एक. त्या गावांना तेव्हा धड कुठलंच शहर आपलं म्हणत नव्हतं. 2018 च्या राष्ट्रीय राहणीमान निर्देशांकात ठाण्याचा सहावा क्रमांक आला होता. ठाणेकराला त्याचा आनंद वाटला, आणि का वाटू नये? पण त्या वर्षी दिव्याचा ढीग जागेवरच होता. निर्देशांकाला वास येत नाही.

कल्याणने आधारवाडीचा ढीग आपल्याच पोटात ठेवला आणि त्याचे परिणाम भोगले. घनकचऱ्याची सोय नाही म्हणून 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतल्या नव्या बांधकामांवर बंदी घातली होती. म्हणजे कल्याणची घाण दिसली ती कल्याण जास्त घाणेरडं होतं एवढ्याचसाठी नव्हे. ती दूर नेऊन टाकायला त्याच्याकडे जागा आणि वजन नव्हतं, हेही त्यामागे होतं.

आणि मग दोन्ही शहरं मिळून जे करतात ते आहेच. दोघांच्याही नळाला येतं ते भातसा, उल्हास आणि बारवीचं पाणी. ज्या शहापूर तालुक्यात भातसा धरण आहे, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. बारवीची उंची वाढवली तेव्हा मुरबाडकडची गावं पाण्याखाली गेली. ठाणे मोठं की डोंबिवली सुसंस्कृत, हा वाद शहापूरच्या पाड्यावर उभं राहून ऐकला तर तो एकाच घरातल्या दोन भावांचा, कुणाची खोली मोठी यावरचा वाद वाटेल. खाली विहिरीवर कोण उभं आहे ते दोघांनाही दिसत नाही.

इस्टेट आणि कर्ज

आता मूळ प्रश्नाकडे. आपण न केलेल्या गोष्टींचा अभिमान बाळगणं बरोबर आहे का?

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय त्याहून जुनं, 1864 चं. आनंदीबाई जोशी 1865 मध्ये कल्याणात जन्मल्या. गुढीपाडव्याची शोभायात्रा डोंबिवलीने सुरू केली आणि ती गावोगाव गेली. साहित्य संमेलन 2010 मध्ये ठाण्याला झालं, 2017 मध्ये डोंबिवलीला. यातलं आज ऐन पंचविशीत असलेल्या कुणीही काहीही केलेलं नाही. तरी "आमचं वाचनालय दीडशे वर्षांचं" हे म्हणताना वाटणारा आनंद खोटा नाही. माणूस एकट्याने जगत नाही. आधीच्यांनी लावलेल्या झाडाखाली बसताना "हे आमचं" म्हणणं ही एक प्रकारची कृतज्ञताच आहे.

पण आपल्याकडे एक जुना व्यवहार आहे. वाडवडिलांची इस्टेट घेतली की त्यावरचं कर्जही घ्यावं लागतं. वाडा माझा आणि गहाणखत काकांचं, असं चालत नाही. शहराचंही तसंच असायला हवं. 1864 चं वाचनालय "आमचं" असेल, तर आधारवाडीही "आमची" आहे. तलावांचं शहर "आमचं" असेल, तर लकी कंपाउंडही "आमचं" आहे. जमेच्या बाजूला "आम्ही" लिहायचं आणि खर्चाच्या बाजूला "महापालिका", "परप्रांतीय", "नेते", "तिकडची माणसं" लिहायचं, हा खोटा जमाखर्च झाला. शेजारच्या शहराशी तुलना नेमकी इथे कामाला येते. आपलं कर्ज कमी दिसावं म्हणून आपण शेजाऱ्याचं मोठ्याने वाचून दाखवतो.

इथे कुणी म्हणेल, लकी कंपाउंड मी बांधलं नाही, मग तो दोष माझा कसा? बरोबर आहे, दोष तुमचा नाही. हॅना आरेंट या विचारवंत बाईंनी 1968 मध्ये हाच फरक मांडला होता. दोष व्यक्तीचा असतो. ज्याने केलं त्याचाच. सगळेच दोषी म्हटलं की खरा दोषी सुटतो. जबाबदारी मात्र वेगळी आहे. एखाद्या समाजाचे आपण घटक आहोत म्हणून त्या समाजाच्या नावाने जे होतं त्याची जबाबदारी आपल्यावर येते, आपण स्वतः काही केलेलं नसलं तरी. दोषी माणसाला शिक्षा होते. जबाबदार माणसाला उत्तर द्यावं लागतं, एवढंच. पण "एवढंच" म्हणावं इतकं ते हलकं नाही.

"मी तर भाड्याने राहतो, चार वर्षं झाली येऊन, मला कसलं शहर?" हा आक्षेप खरा आहे. या पट्ट्यातली अर्धीअधिक तरुण मंडळी अशीच आहेत. सकाळी सातला निघतात, रात्री नवाला येतात, शहराशी संबंध प्लॅटफॉर्मपुरता. ज्याचा शहराच्या कारभारात काडीचाही वाटा नाही, त्याच्यावर जबाबदारीचं ओझं टाकणं अन्यायाचं होईल. म्हणून मी ती मालकीवरून मोजत नाही, घेण्यावरून मोजतो. नळाचं पाणी घेतो, कचऱ्याची पिशवी दाराबाहेर ठेवतो, स्वस्त भाड्याचा फायदा घेतो, तेवढ्यापुरती तरी ती येते. ज्याचा टॉवर, ज्याचं नाव, ज्याची ओळख मोठी, त्याच्यावर जास्त येते. आणि जबाबदारी म्हणजे मोर्चाच काढायला हवा असं नाही. आपली पिशवी कुठे जाते हे माहीत असणं, ही पहिली पायरी आहे. बहुतेक वाद घालणाऱ्यांना ते माहीत नसतं.

या सगळ्यात सर्वात जास्त कुणाला लागतं तेही सांगायला हवं. डोंबिवली परिसरातल्या 65 इमारतींचं प्रकरण आठवा. महापालिकेची बनावट परवानगी दाखवून त्यांनी महारेराचा नोंदणी क्रमांक मिळवला होता. लोकांनी तो क्रमांक पाहिला, कर्ज काढलं, घरं घेतली. नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले. ज्यांनी कागद बनवले ते दोषी. ज्यांनी घर घेतलं त्यांनी सरकारी क्रमांकावर विश्वास ठेवला. तरीही त्यांच्या वाट्याला काय आलं? "तिकडे घर घ्यायचंच कशाला?", "स्वस्त मिळतंय म्हणून गेलात ना?" आपल्या शहराची शान राखायला वापरलेलं वाक्य फसवल्या गेलेल्या माणसाच्या तोंडावर पडतं. शहरांची स्पर्धा निरुपद्रवी गंमत राहत नाही ती इथे. हप्ता भरणाऱ्या, पण घर जाणाऱ्या कुटुंबाला ती मूर्ख ठरवते, आणि बनावट कागद करणाऱ्याला सोडून देते.

मग स्पर्धा नकोच का?

तसंही नाही. शहरांच्या ईर्षेने चांगलं घडतं, याला पुरावा आहे. शोभायात्रा डोंबिवलीत निघाली. ठाण्याने नाक न मुरडता आपलीही काढली. एकाकडे रंगायतन झालं की दुसऱ्याला आपल्याकडे नाट्यगृह हवंसं वाटलं, आणि आज कल्याणला अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर. या स्पर्धेत कुणाचंच काही हिरावलं गेलं नाही. ठाण्यात नाटक चांगलं रंगलं म्हणून डोंबिवलीतलं पडत नाही.

म्हणजे ईर्षेच्या दोन जाती आहेत. एक म्हणते, "त्यांच्याकडे आहे, मग आमच्याकडे का नाही?" ही महापालिकेच्या दारात जाते. दुसरी म्हणते, "त्यांच्याकडे तर आमच्याहून वाईट आहे." ही घरी जाऊन झोपते. पहिल्या ईर्षेतून दिवे लागतात, रात्रीची बस सुरू होते, निदान तशी मागणी तरी होते. दुसऱ्या ईर्षेतून फक्त समाधान मिळतं, आणि तेही शेजाऱ्याच्या घरातल्या दुःखावर वाढलेलं. कुठल्याही वादात आपण यातलं कुठलं वाक्य बोलतोय, एवढं तपासलं तरी पुष्कळ झालं. ठाण्याने "डोंबिवलीचं प्रदूषण" म्हणून नाक दाबायचं सोडून विचारावं की आपल्या हद्दीतल्या कारखान्यांची तपासणी कितीदा होते. डोंबिवलीने "ठाण्याला आत्मा नाही" म्हणण्याऐवजी विचारावं की ठाण्याचा रस्ता रुंद झाला, आमचा का नाही, आणि आमचा रुंद झाला तर त्यात कुणाची घरं जातील.

9 जून 2025 च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन भरलेल्या लोकल एकमेकींच्या शेजारून गेल्या. दारात लटकलेली माणसं खाली पडली. किमान चार जण गेले. ते वळण ठाणे महापालिकेत. गाड्या पुढच्या गावांच्या, कसारा आणि कर्जतकडच्या. गर्दी डोंबिवलीची, कल्याणची, दिव्याची, ठाण्याची. दारात लटकताना त्यांचा हात कुणी धरला असेल तर तो कुठल्या शहराचा होता, हे कुणी विचारलं नसेल. त्या दारातल्या माणसांचं शहर कुठलं, याचं एकच खरं उत्तर आहे : ही लाईन. महापालिका दोन असतील, आयुक्त दोन असतील, खड्ड्यांचे ठेकेदार दोन असतील. पण पाणी एकाच खोऱ्याचं, पोलीस एकाच आयुक्ताचे, आणि सकाळी 7.42 ला उभं राहायला जागा एकाच दाराची.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "कुठे राहतोस?" विचारलं, तर "डोंबिवली" म्हणावं आणि थांबावं. पुरवणी जोडू नये. आणि ठाण्यात राहणाऱ्याने "ठाणे" म्हटल्यावर क्षणभर न थांबता स्वतःलाच विचारावं : दिव्यासकट?